कॉक्लिअर इम्प्लांट करायचं, मग खुणा बंद करायच्या?

माहीमकर: भाचीचा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. बेरा टेस्ट (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) झाली, दोन्ही कान अगदीच गेलेले. साध्या मशीनने फरक नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, करायचं ठरलंय, त्याबद्दल वाद नाही. पण थेरपीवाल्या बाई म्हणतात, घरात हातवारे बंद. हे मला पटत नाही.

डोंबिवलीचा बाबा: पटत नसलं तरी पाळा. माझ्या मुलीचं ऑपरेशन अडीचव्या वर्षी झालं, आता चौथीत आहे, साध्या मराठी शाळेत. लोकांना वाटतं, मशीन बसवलं की ऐकू आलं. आतली तार ऐकण्याच्या नसेला नुसते विजेचे ठोके देते हो! त्या ठोक्यांतून ‘आई’ ओळखायला तिला सात महिने लागले. स्विच ऑन केलं त्या दिवशी ती फक्त दचकून रडली. पुढे वर्षभर आमचं एकच काम, कुकरची शिट्टी झाली की कानाला बोट लावून “ऐक!” नुसत्या खुणेवर पाणी मिळालं असतं तर ती ‘पाणी’ म्हणाली असती का?

हातबोली: मी जन्मतः बहिरी, इम्प्लांट नाही. बाबा, तुमचे कष्ट दिसतात. पण रात्री बाहेरचं मशीन काढलं की मुलगी पुन्हा बहिरीच ना? तेव्हा कसं बोलता? माझ्या शाळेत खूण केली की हातावर पट्टी बसायची. ‘पाणी’ म्हणायला शिकले. पोटात कुठे दुखतंय हे सांगता येईपर्यंत आठ वर्षांची झाले होते.

वांद्रे_ऑडिओ: निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या साधारण 15000 केसपेशी असतात, इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड (विजेचे ठोके देणारे बिंदू) 12 ते 22. म्हणून शांत खोलीत छान बोलणारं मूल दादर स्टेशनवर गडबडतं. खुणांमुळे बोलणं अडतं यावर आम्हा श्रवणतज्ज्ञांतही एकमत नाही. वय मात्र घालवू नका. सरकारी एडिप योजनेत (अपंगांना उपकरणांसाठी मदत देणारी योजना) जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वय 5 वर्षांपर्यंतच, अशी अट आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत चौकशी करा.

डोंबिवलीचा बाबा: रात्रीचं खरंय. दिवा मालवायच्या आत सगळं बोलून घेतो. गेल्या पावसाळ्यात ओल धरून प्रोसेसर, म्हणजे ते बाहेरचं मशीन, बंद पडला, दहा दिवस पाटीवर लिहून काढले. बरं, तिला लिहिता येत होतं. तरी पहिल्या दोन वर्षांबद्दल माझं मत तेच.

हातबोली: आणि लिहिता येत नसतं तर?

माहीमकर: काल बाळाने पंख्याकडे बघून हात गोल फिरवला. कुणी शिकवलं नव्हतं. भाची विचारतेय, मामा, आता हा हात धरू का मी?