मदत हवी आहे: पोटावरचं इंजेक्शन चालू असताना अचानक सिझर झालं तर भूल कोणती?

धाकट्या बहिणीला ३६वा आठवडा चालू आहे. आधी दोनदा पाचव्या महिन्यात बाळ गेलं. तपासण्यांत ॲन्टिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्तात गुठळ्या होण्याचा आजार) निघाला, म्हणून आता रोज इकोस्प्रिन ७५ (ॲस्पिरिनची गोळी) आणि रात्री ९ला पोटावर एनॉक्झापॅरिन ४० (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन). जोडीला लहानपणापासूनचा दमा आणि सातव्या महिन्यात सुरू झालेलं बीपी. दमा असल्याने बीपीसाठी लॅबेटॅलॉल टाळून निफेडिपिन दिलंय. बाळ पायाळू, म्हणून ३८व्या आठवड्यात सिझर ठरलंय.

आदल्या रात्रीचं इंजेक्शन घ्यायचं नाही, हे मॅडमनी सांगितलंय. पण कळा तारीख बघून थोड्याच येतात! ९ला इंजेक्शन घेतलं आणि ११ला पाणी गेलं तर? शिवाय आईचा धोशा, की पाठीत सुई नको, कंबर कायमची धरते, पूर्ण भूलच द्या. भूलतज्ज्ञ म्हणे ऑपरेशनच्या दिवशीच भेटतील. जाणकारांनी कृपया सांगावं.

*

मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंट न पाहता निर्णय देत नाही, डॉक्टरांशी काय बोलायचं तेवढं सांगते.

४०चा डोस असेल तर १२ तास, वजनानुसार दिवसातून दोनदा देतात तो मोठा डोस असेल तर २४ तास गेल्यावरच कण्यात सुई घालतात. त्याआधी घातली तर तिथे रक्त साकळून पाय लुळे पडू शकतात. क्वचितच होतं, पण फार वाईट. नुसत्या इकोस्प्रिन ७५मुळे कण्यातली भूल अडत नाही. थांबायला वेळच नसेल तर पूर्ण भूल. त्यात गरोदर बाईला श्वासाची नळी घालणं अवघड जातं, पोटातलं श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि हिचं बीपी आणि दमा दोन्ही तेव्हाच उसळू शकतात. आईंना सांगा, कायमच्या कंबरदुखीचं खापर सुईवर फोडू नका.

मला खरी काळजी रक्तस्रावाची वाटते. तो थांबवायला गर्भाशय आवळणारी औषधं देतात, पण त्यातलं मेथर्जिन बीपीत चालत नाही, कार्बोप्रोस्ट दम्यात. मग ऑक्सिटोसिननंतर (ते पहिलं औषध) काय द्यायचं, हे आधीच ठरलेलं हवं. बीपी चढून झटके टाळायला मॅग्नेशियम लावलं तर पूर्ण भुलीतल्या स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर लांबतो, आणि निफेडिपिनसोबत बीपी एकदम पडूही शकतं. म्हणून भूलतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात मागून घ्या, हट्टाने.

कळांची शंका आली की पुढचं इंजेक्शन घेऊ नका, आधी हॉस्पिटलला फोन. शेवटचं किती वाजता घेतलं ते फाइलच्या पहिल्या पानावर रोज लिहीत जा.

*

धन्यवाद ताई. दम्याचा पंप ऑपरेशनच्या सकाळी उपाशीपोटी घेतला तर चालेल ना?

*

चालेल, घ्यायचाच. आणि सोबतही न्या.