शनिवारचा सिनेमा: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

अद्वैतची आई, सी २०३: नमस्कार. रविवार गेला, सोमवार गेला, म्हटलं कोणीतरी बोलेल, पण सगळे मिठाची गुळणी धरून, म्हणून मीच लिहिते. शनिवारी क्लबहाउसमध्ये 'फॅमिली मूव्ही नाइट' म्हणून 'द आर्बर' हा जो इंग्रजी माहितीपट दाखवला तो फॅमिलीसाठी होता का? नोटिशीत होतं 'एका नाटककार मुलीची विलक्षण कहाणी'. मला वाटलं काहीतरी प्रेरणादायी असेल, म्हणून अद्वैत आणि त्याच्या मित्रांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं. तर हेरॉइन काय, मारहाण काय, शिव्या काय. त्यात खाली सबटायटल्स, म्हणजे एखादी शिवी ऐकू आली नाही तर वाचायची सोय.

पाटील, ए विंग: शेवटचं वाक्य 😂😂

नेने काका, बी ३०४: अद्वैतच्या आई, तुमचा राग योग्य आहे पण पत्ता चुकलाय. मी कमिटीला दिलेल्या मजकुरात 'फक्त प्रौढांसाठी' असं स्वच्छ लिहिलं होतं. ते कोणी गाळलं आणि वर 'फॅमिली' कोणी चिकटवलं ते मी इथे लिहीत नाही, संबंधितांना माहीत आहे.

सेक्रेटरी साहेब: नोटीस एका पानात बसवायची होती. कृपया ग्रुपवर वैयक्तिक शेरे नकोत.

गोखले, डी १०१: सिनेमा दीड तासाचा. एसी चार तास चालू. हा खर्च सांस्कृतिक फंडातून की मेंटेनन्समधून? खुलासा व्हावा.

राणे वहिनी: मला तर बराच वेळ कळेचना की समोर बोलतेय ती बाई खरी की नटी. ओठ आणि आवाज काहीतरी वेगळंच चाललं होतं. मी यांना म्हटलं सुद्धा, प्रोजेक्टर बिघडला वाटतं.

पाटील, ए विंग: वहिनी प्रोजेक्टर पण बिघडलेलाच आहे, तो वेगळा विषय 😄 घेताना तीन कोटेशन मागवली होती का विचारा कोणीतरी

नेने काका, बी ३०४: वहिनी, ते मुद्दाम केलेलं आहे. क्लिओ बर्नार्ड या दिग्दर्शिकेनं आधी त्या नाटककार मुलीच्या, म्हणजे अँड्रिया डनबारच्या मुली, नातेवाईक, शेजारीपाजारी यांच्या मुलाखती नुसत्या आवाजात रेकॉर्ड केल्या, आणि नंतर नटांनी त्या आवाजावर ओठ हलवले. आवाज खऱ्या माणसाचा आणि चेहरा नटाचा. मध्येच घेतलेला श्वास, अडखळणं, सगळं मूळचं, नटानं फक्त ते तोंडात धरायचं. त्यामुळे आपण सारखे थोडे अस्वस्थ राहतो की हे खरं का बनवलेलं, आणि तेच तिला हवंय. नाहीतर माहितीपट म्हटला की आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. मोठ्या मुलीचं काम केलंय ती मंजिंदर विर्क, नुसता चेहरा बघा तिचा, एकदाही रडत नाही आणि

नेने काका, बी ३०४: आणि तरी बघवत नाही. (अर्धवट गेला मेसेज)

सेक्रेटरी साहेब: नेने साहेब, व्याख्यान शनिवारी सिनेमाआधी झालंच होतं. चाळीस मिनिटं. 🙏

गोखले, डी १०१: त्या चाळीस मिनिटांतही एसी चालूच होता.

तन्वी, ई ४०२: मी बोलू का? ज्यांना फक्त शिव्या दिसल्या त्यांना हे दिसलं का की अँड्रियानं पहिलं नाटक पंधराव्या वर्षी शाळेच्या कामासाठी म्हणून लिहायला घेतलं होतं? इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बटरशॉ वस्तीत ती ज्या रस्त्यावर राहायची, ब्रॅफर्टन आर्बर, त्याच्यावरच लिहिलं आणि नाव पण तेच, 'द आर्बर'. आणि १९८० मध्ये ते लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये झालं, मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्कनं बसवलं. त्याच्या आधी ती मारहाण सोसलेल्या बायकांच्या आश्रयगृहात राहत होती आणि तिथूनच ते लिखाण पुढे गेलं. आपल्यातल्या कोणी पंधराव्या वर्षी काय लिहिलं होतं?

पाटील, ए विंग: भूगोलाची उत्तरं. चुकीची.

अद्वैतची आई, सी २०३: तन्वी, कौतुक आहेच गं तिचं. पण पुढे? दारू. तीन मुलं, तिघांचे बाप वेगळे. दारूपायी एकोणतिसाव्या वर्षी गेली. मोठी मुलगी व्यसनात, तिचं मूल मेथाडोन (हेरॉइन सोडवायला देतात ते औषध) पोटात जाऊन गेलं आणि ती तुरुंगात. अद्वैतनं घरी आल्यावर मला विचारलं की त्या बाळानं काय प्यायलं होतं. तू दे उत्तर त्याला.

डॉ. साने काकू: हे शनिवारीच बोलायला हवं होतं. अद्वैतला माझ्याकडे पाठवा, मी सांगते त्याला नीट. आणि एक दुरुस्ती, दारूपायी गेली असं सरसकट नको लिहायला. मेंदूत रक्तस्राव झाला, पबमध्ये कोसळली, डिसेंबर १९९०. प्यायची हे खरं, पण दोन्ही गोष्टींना आपणच गाठ मारायची नाही. सिनेमा तसं करत नाही हे मला आवडलं. मोठी मुलगी आईला माफ करायला तयार नाही, धाकटी आईची बाजू घेते, आणि दिग्दर्शिका मध्ये पडून निवाडा देत नाही. मोठीचा बाप पाकिस्तानी, त्या गोऱ्या वस्तीत त्या पोरीनं काय ऐकून घेतलं असेल ते पण बघा.

राणे वहिनी: हो, ते ऐकताना माझ्या पोटात कसंतरीच झालं.

थत्ते, बी ६०२: एक बेसिक प्रश्न. असल्या डॉक्युमेंट्रीला थेटरात कोण जातं? यूट्यूबचं मटेरियल.

नेने काका, बी ३०४: थत्ते साहेब, ऑक्टोबर २०१० मध्ये ब्रिटनमध्ये रीतसर थेटरात लागला होता. त्याआधी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात दिग्दर्शिकेला पुरस्कार, मग लंडनच्या महोत्सवात सदरलँड पुरस्कार. लोक तिकीट काढून गेले.

पाटील, ए विंग: आपल्याकडे लागला असता तर सकाळी सव्वानऊचा एकच शो आणि थेटरात नेने काका एकटे

नेने काका, बी ३०४: एकटा कसा, तुम्ही असताच मागच्या रांगेत, एसीत झोपायला.

गोखले, डी १०१: एसीचा विषय निघालाच आहे तर वरील प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

देशमुख, ए ००४: ए विंगच्या गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? स्कूल बस अडकलीये. ताबडतोब काढा.

थत्ते, बी ६०२: नेने साहेब थेटरचं म्हणताय तर तिथे दारावर सर्टिफिकेट बघतात, वय विचारतात. आणि दुसरं म्हणजे घरी चार जणांनी बघणं वेगळं आणि शंभर खुर्च्या मांडून दाखवणं वेगळं. सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी घेतली होती का?

नेने काका, बी ३०४: त्याबद्दल आपण फोनवर बोलू.

पाटील, ए विंग: 🍿

देशमुख, ए ००४: गाडी!!

राणे वहिनी: खरं सांगू का, मला थेटरात बघायला आवडला असता. क्लबहाउसमध्ये निम्मे लोक मोबाइलवर, मागे खुर्च्या ओढतायत, आणि ती मुलगी तुरुंगाचं सांगत असताना कोणीतरी सगळे दिवे लावले. कोणी लावले हो?

सेक्रेटरी साहेब: वॉचमननं. त्याला दहाची वेळ दिली होती.

पाटील, ए विंग: वॉचमन खाली होता माझ्यासमोर. दिवे थत्त्यांनी लावले, चप्पल सापडत नव्हती त्यांना

थत्ते, बी ६०२: साफ खोटं. मी तोपर्यंत घरी पोचलो होतो. आणि दिवे लागले ते शेवटच्या नावांच्या वेळी, तुरुंगाच्या वेळी नाही.

अद्वैतची आई, सी २०३: मी लावले. मुलांना बाहेर काढायचं होतं अंधारात. पण फक्त दारापाशीचा एक.

राणे वहिनी: एक नाही हो, सगळे लागले होते.

तन्वी, ई ४०२: सिनेमाची सुरुवात आठवतेय का? लहानपणी खोलीत आग लागली होती ते दोघी बहिणी सांगतात आणि दोघींचं जुळत नाही. तिथे निदान वीसेक वर्षं मध्ये गेली होती, आपले तीन दिवस झालेत 😅

डॉ. साने काकू: 😄 तन्वी

तन्वी, ई ४०२: मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? तिच्या पहिल्या नाटकातले प्रवेश त्याच वस्तीतल्या हिरवळीवर केलेत. सोफा वगैरे सरळ गवतावर आणून ठेवलाय, नट भांडतायत आणि खरे रहिवासी कडेला उभे राहून बघतायत. कोणी हाताची घडी घालून, कोणी पोराला कडेवर घेऊन. त्यांचे चेहरे बघत राहावेसे वाटतात, कारण हे त्यांच्याच घरातलं भांडण आहे. आणि या सिनेमात जॉर्ज कॉस्टिगन पण आहे, ज्यानं तिच्या 'रीटा, सू अँड बॉब टू' या नाटकावरच्या १९८७ च्या सिनेमात बॉब केला होता.

सेक्रेटरी साहेब: तन्वी बाळा, त्या १९८७ च्या सिनेमावरून वस्तीतले लोक तिच्यावर चिडले होते, हे पण सांग की. नेने साहेबांनीच सांगितलं शनिवारी. आणि चिडणारच ना! बाहेरचे लोक थेटरात बसून हसून मोकळे होणार, नाव खराब होणार ते राहणाऱ्यांचं. तिथे घरं होती, कामावर जाणारी माणसं होती, सगळेच काही दारू पिऊन पडलेले नव्हते. लिहिणाऱ्याला लिहायला काय जातं.

तन्वी, ई ४०२: काका, ती पण तिथेच राहत होती. नाटकं लंडनला झाली, सिनेमा झाला, तरी ती त्याच वस्तीत राहिली. ती बाहेरची नव्हती.

सेक्रेटरी साहेब: घरच्या माणसानं लिहिलं की जास्त लागतं.

पाटील, ए विंग: साहेब हे ब्रॅडफर्डबद्दल चाललंय की मागच्या गणपतीबद्दल?

अद्वैतची आई, सी २०३: पाटील भाऊजी, कशाला काडी टाकताय

सेक्रेटरी साहेब: विषय निघालाच आहे तर बोलतो. मागच्या गणपतीत स्किटमध्ये चाव्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारा, लिफ्ट बंद पडली की गावाला जाणारा माणूस कोण होता हे लहान पोरांना पण कळलं. अजून मला मुलं खाली 'चावीवाले काका' म्हणतात. मी हसण्यावारी नेलं. बारा वर्षं बिनपगारी काम करतोय, नेलं हसण्यावारी. पण मनात राहतं.

डॉ. साने काकू: साहेब, हे तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं हो.

तन्वी, ई ४०२: काका, लिफ्ट तेव्हा नऊ दिवस बंद होती आणि आजी चौथ्या मजल्यावर अडकून होती. दवाखान्यात न्यायला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली आणली. मी त्यातलं काहीही वाढवून लिहिलं नव्हतं. उलट खुर्चीचं लिहिलंच नाही, कारण त्यावर कोणी हसलं नसतं.

राणे वहिनी: ते मात्र खरंय. मी बघितलंय आजींना तसं नेताना.

नेने काका, बी ३०४: डनबारबद्दल हेच तर

सेक्रेटरी साहेब: नेने साहेब, एक मिनिट थांबा. तन्वी, लिफ्टचा पार्ट मिळत नव्हता, मी रोज फोन करत होतो त्या कंपनीला. ते स्किटमध्ये नव्हतं.

तन्वी, ई ४०२: मला माहीतच नव्हतं ते. तुम्ही ग्रुपवर फक्त 'काम प्रगतिपथावर आहे' लिहायचात.

पाटील, ए विंग: 'काम प्रगतिपथावर आहे' 🙏🙏 हे नाटकाचं नाव झालं

गोखले, डी १०१: एसी. चार तास. सांस्कृतिक फंड की मेंटेनन्स?

खजिनदार, सी ५०१: सांस्कृतिक फंड. कृपया आता थांबा गोखले साहेब.

देशमुख, ए ००४: गाडी थत्त्यांची निघाली. धन्यवाद कोणाला देऊ.

अद्वैतची आई, सी २०३: माझं एवढंच म्हणणं आहे की पुढच्या वेळी नोटिशीत खरं काय ते लिहा. मी मुलांना घरी ठेवून एकटी आले असते. मला स्वतःला बघायचा होता तो शेवटपर्यंत. साने काकू, अद्वैत उद्या सहाला येईल तुमच्याकडे.

सेक्रेटरी साहेब: नोंद घेतली. पुढच्या नोटिशी नेने साहेबांच्या मजकुराप्रमाणे जशाच्या तशा लागतील, दोन पानं झाली तरी. आणि तन्वी, या वर्षीच्या स्किटची संहिता कमिटीला आधी दाखवावी अशी विनंती. विनंती म्हणतोय, आदेश नाही.

तन्वी, ई ४०२: दाखवते काका. फक्त रॅम्पचा प्रवेश काढायला सांगू नका.

सेक्रेटरी साहेब: रॅम्पची दोन कोटेशन आलीत. तिसरं शुक्रवारी येतंय. ते पण घाल त्यात.