ई-एमटीबीवर 34 ऐवजी 38 दातांची चेनरिंग बसेल का?

खाडीकाठ (गुहागर)

नमस्कार मंडळी. फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली) ई-एमटीबी, म्हणजे मोटरची माउंटन बाइक आहे, टायर 29 × 2.4. मोटर क्रँकपाशी (पेडलच्या दांड्यांपाशी), 250 वॅट, 95 न्यूटन-मीटरची. पुढे 34 दातांची एकच चेनरिंग (पेडलपाशी चेन ओढणारी दातेरी चकती), 104 बीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत), चार बोल्टची. मागे 11 स्पीडची 11-46 कॅसेट (चाकावरचा 11 ते 46 दातांच्या चकत्यांचा संच). क्रँक आयसिस पद्धतीचे, म्हणजे खाचांच्या दांड्यावर बसणारे.

फिरणं गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात. कधी तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि पुढे गणपतीपुळे. चढात तक्रार नाही. पण उतार संपून सपाटी लागली की ताशी 28 किमीच्या आसपास पाय नुसते भिरभिरतात, पेडलला वजनच लागत नाही. म्हणून 38 ची रिंग टाकायचा विचार आहे, जमलं तर 42 ची. फ्रेमला घासेल का? चेन बदलावी लागेल का? मोटरची मदत 25 च्या पुढे थोडी सरकेल का? शिवाय आहे त्या रिंगचे दात एका बाजूला कललेत, म्हणजे रिंग बदलायची तर आहेच.

गिअररेशो (रत्नागिरी)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मदत तसूभरही पुढे सरकणार नाही. वेग मोजला जातो मागच्या चाकाच्या मॅग्नेटवरून. पुढे किती दात आहेत ते मोटरला कळतही नाही. 25 ला ती थांबणार म्हणजे थांबणार.

आता तुमचा 28 चा आकडा. 29 × 2.4 चाकाचा घेर साधारण 2.3 मीटर. 34 ला 11 ने भागलं की 3.09, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल 7.1 मीटर पुढे जाते. या गिअरवर 28 चा वेग धरायला मिनिटाला फक्त 66 फेरे लागतात. ते भिरभिरणं नव्हे, उलट निवांत चाल झाली. 13 च्या चकतीवर 78 फेरे होतात आणि 15 वर जवळपास 90. तुमचं वर्णन या 90 शी जुळतं. माझा अंदाज, चेन शेवटच्या चकतीवर उतरतच नाहीये.

सायकल स्टँडवर घ्या, शिफ्टर शेवटपर्यंत सोडा आणि मागून बघा चेन कुठे थांबते ते. 13 किंवा 15 वरच अडत असेल तर आधी केबल बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आउटरच्या (केबलवरच्या नळीच्या) आत गंज धरतो. वर ओढताना बोटाच्या जोराने केबल सरकते, पण सोडल्यावर स्प्रिंगला ती परत खेचता येत नाही. इनर (आतली तार) आणि आउटर दोन्ही बदला. नुसतं तेल सोडून आठवडाभर बरं वाटेल, पुन्हा तेच. केबल मोकळी असूनही चेन 11 वर जात नसेल तर डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) H स्क्रू, म्हणजे लहान चकतीकडची हद्द ठरवणारा स्क्रू, पाव-पाव फेरा सैल करत जा.

हे न बघता 38 टाकलीत तर खराब केबलवर महागडी रिंग बसवल्यासारखं होईल.

जांभा_ट्रेल (दापोली)

वरच्या हिशोबाला सहमत. तरी मोठ्या रिंगने काय मिळतं आणि काय जातं तेही मांडतो.

11 च्या चकतीवर मिनिटाला 90 फेऱ्यांनी 34 ची रिंग 38 किमी वेग देते, 38 ची रिंग 43 आणि 42 ची रिंग 47. मोटर बंद असताना, जाड टायरची अशी वजनदार सायकल सपाटीवर 38 ने रेटणारे पाय किती जणांचे? हा फायदा उतारावरच, आणि आरे-वारेच्या वळणावळणाच्या उतारावर पेडल मारण्यापेक्षा ब्रेकवर बोट ठेवलेलं बरं. 42 डोक्यातून काढूनच टाका.

उलट बाजूला, 38 टाकली की प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकावर पोचणारा जोर साडेदहा टक्क्यांनी घटतो. डांबरी घाटीत 46 ची चकती हे सांभाळून घेईल. जेटीवरून वर येणारे आखूड, खडे चढ असतात तिथे मात्र फरक कळतो. फेरे 50 च्या खाली गेले की क्रँकवरची मोटर बॅटरी जास्त खाते आणि जास्त तापते. मोटर क्रँकच्याच लयीत फिरते हे विसरायचं नाही. आठ दिवस चढाला एक चकती मोठी वापरून 70-80 फेरे राखता येतात का बघा. मोठ्या रिंगनंतर हीच सवय लागणार आहे.

हब मोटरवाल्यांचं (मोटर चाकात असते त्यांचं) गणित वेगळं. तिथे मोटरचा चेनशी संबंध नाही, त्यामुळे पुढे मोठी रिंग टाकली तरी मोटरला काही फरक पडत नाही, फक्त तुमच्या पायांना पडतो.

जागेचं बोलायचं तर, 34 च्या रिंगचा चेनच्या पिनांवर धरलेला व्यास 137.6 मिमी, 36 चा 145.7 आणि 38 चा 153.8. म्हणजे 34 वरून 38 ला गेलं की चेन फ्रेमच्या दिशेने 8 मिमी सरकते आणि जमिनीपासूनचं अंतरही तेवढंच कमी होतं. जांभ्याच्या पायऱ्यांवरून सायकल घालत असाल तर तोही हिशोब धरा. पुठ्ठ्याची चकती कापा, 38 साठी 163 मिमी व्यासाची, 36 साठी 155 ची. यात चेनच्या पट्ट्यांची उंची धरलेली आहे. क्रँक काढून चकती रिंगच्या रेषेत धरा. चेनस्टेपासून (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीपासून) निदान 4 मिमी मोकळे हवेत. सायकल फुल सस्पेन्शनची असल्याने शॉकची हवा सोडून, मागचं चाक पूर्ण वर दाबूनही बघा. उभ्या सायकलवर सुटणारी रिंग दाबल्यावर घासते असं होतं. चेन गाइड किंवा मोटरखालचं प्लास्टिकचं कव्हर असेल तर तेही तपासा. कित्येक कव्हरं 36 पर्यंतच्याच मापाची असतात.

खाडीकाठ (गुहागर)

गिअररेशो, अंदाज बरोबर. चेन 13 वरच थांबते, हाताने ढकलली तर 11 वर बसते. इनर-आउटर आणतो.

पुठ्ठा लावून पाहिला. 38 ची चकती शॉक दाबल्यावर चेनस्टेला टेकते, 36 ला साधारण 6 मिमी राहतात. तेव्हा 36 च नक्की. बसवताना काय सांभाळू? स्क्वेअर टेपरचा (चौकोनी दांड्यावरचा क्रँक ओढून काढायचा) पुलर घरी आहे, तो चालेल का?

पाना_बारा (मालवण)

तो पुलर तसाच लावू नका. स्क्वेअर टेपरच्या पुलरचं टोक बारीक असतं. आयसिसमध्ये ते थेट बोल्टच्या भोकात शिरतं आणि आतले आटे खराब करतं. तिथे रुंद टोकाचा पुलर लागतो, किंवा टोकावर बसणारी टोपी.

क्रम असा ठेवा. बॅटरी काढून बाजूला. चेन आणि क्रँक जागेवर असतानाच मागचा ब्रेक दाबून रिंगचे चारही बोल्ट अर्धा फेरा सैल करा. क्रँक निघाल्यावर रिंग धरायला काही उरत नाही. मग उजव्या क्रँकचा बोल्ट काढा, बहुतेक वेळा 8 मिमीची ॲलन की लागते. पुलर हाताने शेवटपर्यंत आत बसवा. दोन-तीन आट्यांवर धरून जोर लावला की क्रँकचे आटे गेलेच समजा. स्पायडर (रिंग ज्यावर बसते तो भाग) आणि त्याच्या लॉकरिंगला हात लावायची गरज नाही, 104 बीसीडीची रिंग बोल्टवरच सुटते.

रिंग घेताना दात एकाआड एक जाड-बारीक आहेत ना ते बघा. बसवताना जाड दात चेनच्या बाहेरच्या कडीत यायला हवा. एक दात चुकला की चेन रिंगवर चढून बसते आणि पहिल्याच जोराला उडते. रिंग स्पायडरच्या ज्या बाजूला होती त्याच बाजूला लावा. जागा कमी पडते म्हणून बाहेरच्या बाजूला लावली तर चेनलाइन (चेन धावते ती रेषा) बाहेर सरकते, 46 वर चेन तिरकी ओढली जाते आणि उलटं पेडल मारलं की खाली उतरते.

बोल्टच्या लांबीवर लोक फसतात. एका रिंगसाठी आखूड बोल्ट असतात, दोन रिंगांचे लांब. लांब बोल्ट रिंग आवळायच्या आधीच नटाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतं, पण रिंग आत हलत राहते आणि चढाला कुरकुरते. नवी रिंग जुनीपेक्षा पातळ असेल तर जुन्या बोल्टनेही हेच होतं. ॲल्युमिनियमचे बोल्ट 8 ते 10 न्यूटन-मीटर, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. आट्यांना निळं थ्रेडलॉकर, रिंग स्पायडरला टेकते तिथे पातळ ग्रीस. समुद्रकाठी स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये कोरडा बसवला तर दोन पावसाळ्यांनी तो ड्रिलनेच काढावा लागतो.

क्रँक परत बसवताना खाचा पुसून हलकं ग्रीस लावा आणि दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत आहेत का ते डोळ्याने नीट बघा. आयसिसला दहा खाचा असतात, एक चुकली की 36 अंशांचा फरक. बोल्ट मोटरच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळा, अंदाजाने नाही. 50 किमीनंतर टॉर्क रेंच पुन्हा लावा.

गिअररेशो (रत्नागिरी)

चेनचं राहिलं. दोन दात वाढले की हिशोबाने अर्धा इंच लांबी वाढते, पण चेन आतली-बाहेरची कडी मिळून एक इंचानेच वाढवता येते. आहे ती चेन पुरते का ते असं बघा. शॉकची हवा सोडा, चेन 46 वर घ्या, चाक हळूहळू वर दाबा. चेनस्टे सर्वांत लांब होतो त्या जागीही डिरेलरचा पिंजरा थोडा वाकलेला राहिला तर चेन पुरते. ताठ सरळ झाला तर इंचभर वाढवा.

पण मुळात जुनी चेन ठेवूच नका. रिंगचे दात कललेत म्हणजे चेन ताणलेली असणारच. चेन चेकर लावा, 11 स्पीडला 0.5 टक्का ही मर्यादा. ताणलेली चेन नवी रिंग लवकर खाते. आणि नव्या चेनवर 11 किंवा 13 ची चकती जोर लावल्यावर घसरली, तर कॅसेटही बदलायला आली. डिरेलरची क्षमता तपासायची गरज नाही, पुढे एकच रिंग असल्याने ती कॅसेटच्या दातांवरच ठरते. बी-स्क्रू (डिरेलर आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा) मात्र एकदा बघून घ्या.