लेगोचा ट्रॅक्टर: दोन ट्रॉल्या जोडल्या की टकटक

उसाचं_कांडं (तासगाव): लेगो टेक्निकचा (गिअर-मोटरवाल्या लेगोचा) ट्रॅक्टर केलाय. एक एम (मध्यम) मोटर, ८ दाती गिअरवरून २४ दातीवर, तिथून डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर). मोकळा पळतो, उसाच्या दोन ट्रॉल्या लावल्या की टकटक करून जागेवर थांबतो. एक्सएल (मोठी) मोटर घेऊ का?

मिरज_गिअर: मोटर नंतर बघा. टकटक म्हणजे दात एकमेकांवरून उडतायत. जोर आला की फ्रेम फाकते. ८-२४ ची मध्यं बीमच्या (भोकांच्या पट्टीच्या) बरोबर २ भोकं अंतरावर हवीत आणि ॲक्सल गिअरच्या दोन्ही बाजूंनी बीममध्ये धरलेला. दोन्ही बीम आडव्या बीमनं बांधा, प्रत्येक टोकाला दोन पिना. एका पिनीवर सांधा फिरतो.

वारणाकाठ: शिवाय ३:१ (मोटरचे तीन फेरे, पुढचा एक) म्हणजे टॉप गिअरात घाट चढणं. अजून एक ८-२४ जोडी टाका, ९:१ होईल. चाल तिसऱ्या हिश्श्यावर येईल. उसाची गाडी पळवायचीय कुणाला?

उसाचं_कांडं: फ्रेम बांधली, टकटक गेली. आता ओढताना ट्रॅक्टर पुढून तोंड उचलतोय. सेल रिचार्जेबल आहेत, त्यानं काही फरक पडतो का?

मिरज_गिअर: हूक मागच्या ॲक्सलच्या खाली घ्या, बॅटरी बॉक्स थोडा पुढं. आणि ६ रिचार्जेबल सेलचे ७.२ व्होल्टच होतात, साध्यांचे ९, म्हणून जोर थोडा कमी.