प्रार्थनेत देवाचं प्रेम जवळून जाणवलंय का कधी? अनुभव सांगा

नाईटड्यूटी:
काल सकाळी ड्यूटीवरून घरी आले तर पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा निघेना. लेक उठलेली होती. तिने काही न विचारता टबात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि खाली बसून माझे पाय धरले. मी म्हटलं अगं राहू दे, मी करते. म्हणाली मम्मी गप बस. आणि मला एकदम नागपूरच्या सेमिनरी हिल्सचं ते रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचं शिबिर, आठवलं, किती वर्षांत मनातही आलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. फादरांनी बायबलमधलं योहान १३ दिलं, येशू शिष्यांचे पाय धुतो तो भाग. म्हणाले अभ्यास करू नका, अर्थ लावत बसू नका, त्या माडीवरच्या खोलीत जाऊन बसा आणि तुमची पाळी आली की काय होतं ते बघा. मी नर्स, दिवसभर पेशंटचं स्पंजिंग, बेडपॅन, ड्रेसिंग, मला वाटलं मी तर रोजच पाय धुते, मला यात नवीन काय. पण माझी पाळी आली आणि मी पाय मागे घेतले, खरोखरचे, बसल्या जागी खुर्चीखाली. त्याचा शिष्य पेत्र पण तेच करतो ना, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत म्हणतो. माझ्या टाचांना भेगा होत्या, बूट घालून घालून नखं काळी झालेली, लाज वाटली. पण येशूला काही घाई नव्हती. वॉर्डात आम्ही एकाचं उरकलं की दुसऱ्याकडे पळतो, तो मात्र असा बसला होता की माझ्यानंतर रांगेत कोणीच नाही. शेवटी पाय पुढे केले. आणि मग रडले, खूप वेळ. ना आवाज आला ना उजेड दिसला, पण एक गोष्ट आत पक्की बसली की ह्याला मी आवडते. माझ्या सेवेबिवेचं त्यात काही नव्हतं.

तुमचं असं काही? कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, कोणीही लिहा, ख्रिस्ती नसाल तरी लिहा. मोठा चमत्कारच पाहिजे असं नाही.

मेकोसाबागवाली:
रडवलंस गं सकाळी सकाळी. कुकर लावून आले, नंतर लिहिते.

अजनी_लोको:
मले जास्त लिहिता येत नाही. लहान भाऊ गेला तेव्हा कब्रस्तानातून सगळे घरी गेले न मी गाडी घेऊन नुसता फिरत राहिलो, कामठी रोडनं पार पुढपर्यंत, हेल्मेटच्या आत देवावर ओरडत. काहीही बोललो, इथं लिहिता येणार नाही असं. दुसऱ्या दिवशी पास्टरले सांगितलं, वाटलं आता झापतात. त्यांनी फक्त स्तोत्र ८८ वाच म्हटलं. बाकी रडण्याच्या स्तोत्रांत शेवटी कुठंतरी स्तुती येते, आशा येते, याच्यात शेवटीही अंधारच हाय. न तेही देवानं बायबलमध्ये राहू दिलं ना भाऊ. मग ध्यानात आलं, आदल्या रात्री मले कोणी गप्प नव्हतं केलं. सगळं ऐकून घेतलं होतं. तोपर्यंत मी देवाशी साहेबाशी बोलल्यासारखा बोलायचो, आता तसं होत नाही. नाईट शिफ्टले शेडमध्ये चहाच्या टायमाले दिवसभराचं सांगतो त्याले, काय बिघडलं, कोण काय बोललं, पोराची फी. तो ऐकते. मले बाकी काही नाही पाहिजे.

नाईटड्यूटी:
दादा, हे वाचून काय बोलू. भावासाठी आज प्रार्थना करते.

खामलाकर:
ताई कोमट पाण्यात मीठ किती टाकायचं? आईचे पाय रोज सुजतात, या उन्हात तर जास्तच.

नाईटड्यूटी:
एक मूठ पुरे. पण त्याआधी बीपी आणि किडनीची तपासणी करून घ्या, रोज सूज येत असेल तर नुसत्या मिठावर राहू नका. एकाच पायाला सूज असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. शुगर असेल तर पाणी किती गरम आहे ते तुम्ही कोपराने बघा, त्यांना पायाला कळत नाही कधीकधी.

खामलाकर:
शुगर आहे. बरं झालं सांगितलंत. उद्याच नेतो.

मेकोसाबागवाली:
हां आता लिहिते. माझं म्हणजे असं की मी प्रार्थनेला बसले की झोपते. लग्नानंतर दोन्ही मुलं लागोपाठ, सासरे अंथरुणावर, रात्री दहाला भांडी झाली की बायबल उघडायचं आणि पहिल्याच वचनाला डोळा लागायचा, मग सकाळी वाईट वाटायचं की देवाला साधा वेळ देता येत नाही. एकदा कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला, आमच्याकडे पाळकांनी एलीया संदेष्टा घेतला, १ राजे १९. तो जीव वाचवायला पळून रानात जातो, झुडपाखाली बसतो, म्हणतो देवा पुरे झालं आता मला मरू दे. आणि देव काय करतो, तर झोपू देतो. देवदूत उठवतो, भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी, खा म्हणतो. तो खातो आणि परत झोपतो! परत उठवतो, परत खाऊ घालतो, म्हणतो पुढचा प्रवास तुला झेपायचा नाही. एक शब्द रागाचा नाही, तू संदेष्टा असून असं कसं बोलतोस वगैरे काही नाही. मी तिथे चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते आणि मला वाटलं हे माझ्यासाठीच वाचतायत. त्या रात्री बायबल उशाशी ठेवलं, प्रभू मी झोपते म्हटलं आणि झोपले. इतकी गाढ झोप किती महिन्यांनी लागली असेल. अजूनही तसंच म्हणते. बरं लाईट गेली, कूलर बंद, आता उठलेच पाहिजे.

अजनी_लोको:
आमच्याकडं पण गेली 😀

बॅकबेंचर:
सगळ्यांचं वाचतोय. राग मानू नका पण मला हे कधीच झालेलं नाही. लहानपणापासून संडे स्कूल, आता कॉयर, युथ कॅम्पला सगळे रडतात, हात वर करतात, माझ्या शेजारचा मित्र थरथरत होता आणि मी तिथे उभा राहून घड्याळ बघत होतो. खूप मागितलं देवाकडे की मला पण थोडं जाणवू दे. काही नाही. कधीकधी वाटतं बाकीच्यांवर प्रेम आहे, माझं नाव यादीत नाही.

मेकोसाबागवाली:
अरे बाळा असं नको म्हणू 😢

आजी_मोहननगर:
माझा नातू टाईप करून देतोय, मी सांगतेय. बाळ, मदर तेरेसांची पत्रं त्या गेल्यावर २००७ साली छापली, त्यांना वर्षानुवर्षं, दशकं म्हण, आत काहीच जाणवत नव्हतं. तरी पहाटे उठून चॅपलमध्ये बसायच्या आणि मग लोकांची सेवा. त्यांचं नाव यादीत नव्हतं का. जाणवणं म्हणजे प्रेम असं असतं तर तापाने फणफणलेल्या माणसावर देवाचं प्रेमच नाही म्हणायचं, त्याला तर काहीच गोड लागत नाही. आपल्या सदरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं, ते संत फ्रान्सिस दे सेल्स, १५६७ ते १६२२, ते तर सांगायचे की प्रार्थनेत मन भटकलं तर स्वतःवर चिडू नका, हळूच परत आणून प्रभूजवळ ठेवा, परत भटकलं तर परत आणा. मी स्वतःवर फार चिडायची, मला त्यांनी सोडवलं.

माझं सांगायचं तर हे गेल्यापासून पहाटे जाग येते. आधी मागण्या करायची, मुलाची बदली, सुनेची तब्येत, गुडघे. आता मागणं आपोआप कमी झालंय. स्तोत्र १३१ आहे ना, तीनच वचनं, त्यात दूध तुटलेलं बाळ आईजवळ असतं तसा माझा जीव म्हटलंय. अंगावरचं बाळ आईजवळ आलं की दूधच शोधतं, पण दूध तुटलेलं आलं की नुसतं मांडीवर बसतं, त्याला आईच पाहिजे असते. मी तशी बसते. गॅलरीत, गार हवा असते तेवढ्यात. नातू म्हणतो आजी झोपली होतीस, मी झोपलेली नसते.

बॅकबेंचर:
थँक्यू आजी. परत वाचतो शांतपणे.

रामदासपेठकर:
मी ख्रिस्ती नाही, हिस्लॉप कॉलेजला शिकलो एवढाच संबंध. पण आजींचं वाचून माझी आई आठवली. वारी करायची ती, विठ्ठलाला माउली म्हणायची आणि घरी देवघरासमोर बसून त्याच माउलीशी भांडायची पण. तुमच्यात असं भांडतात हे मला अजनीवाल्या भावाकडून आज कळलं.

संत्रा_मराठी:
रामदासपेठकर, मग कवी ना. वा. टिळक वाचाच. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे, आणि ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारत त्यांनी अभंग लिहिले. आमच्या चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर म्हणतो. मला पहिल्यांदा देव जवळचा वाटला तो तसं एक भजन म्हणतानाच, इंग्रजी गाण्यांनी कधी तेवढं पोटात शिरलं नाही.

रामदासपेठकर:
नागपूर स्टेशनवरून सुरू झालं हे सगळं! माहीतच नव्हतं. आमचं कॉलेज ज्यांच्या नावाचं त्या हिस्लॉप साहेबांचं माहीत होतं, टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना नदीत बुडून गेले, १८६३.

संत्रा_मराठी:
हो. दगडांचा अभ्यासही मोठा होता त्यांचा.

खामलाकर:
विषयांतर होतंय पण नाताळला करंज्या कोणाकडे मिळतील ऑर्डरने? आमच्याकडे करणारी मावशी आता नाही करत.

मेकोसाबागवाली:
मे महिन्यात करंज्या? नोव्हेंबरमध्ये मेसेज कर, आम्ही चार घरं मिळून करतो, चकल्या शंकरपाळे पण. लाईट आली गं बाई.

बॅकबेंचर:
नाईटड्यूटी ताई, एक विचारू? तुम्ही केलं तसं त्या गोष्टीत जाऊन बसायचं, तर पाय धुण्याचा प्रसंग मला जमेल असं वाटत नाही, फार जवळचं होतं. दुसरं काही सांगा ना सुरुवातीला.

नाईटड्यूटी:
योहान २१ घे. शिष्यांना रात्रभर जाळी टाकून काही मिळालेलं नाही, पहाट झालीय, येशू किनाऱ्यावर उभा आहे आणि त्यांना तो ओळखूही येत नाही. काही जाणवलं पाहिजे अशी अट घालू नकोस, विस्तवाजवळ जाऊन बस फक्त. काही नाही झालं तरी चालेल.

बॅकबेंचर:
त्याच भागात पेत्राला तीनदा विचारतो ना, माझ्यावर प्रीती करतोस काय? मला तिथेच भीती वाटते, मी काय उत्तर देऊ.

नाईटड्यूटी:
ते १५ व्या वचनात आहे रे. आधी १२ वं बघ, या, न्याहारी करा म्हणतो. विस्तव त्यानेच पेटवलाय, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि स्वतः घेऊन त्यांना देतो. पेत्राला पण. पेत्रानेच येशूला तीनदा नाकारलं होतं, तरी उपाशीपोटी एक प्रश्न विचारला नाही त्याला. पोटभर झाल्यावर मग विचारलं. तू १४ व्या वचनापर्यंतच जा सध्या, पुढचं पुढे बघू.

बॅकबेंचर:
हे लक्षातच आलं नव्हतं कधी. चालेल, १४ पर्यंत.

अजनी_लोको:
भाऊ रविवारी उपासना झाली का फोन कर मले, सदरमध्येच असतो. तर्री पोहे खाऊ, मी देतो पैसे.