नाशिकच्या कंपनीचा सीएसआर मालवणच्या कोरलवर, पटतंय का?

पाथर्डीफाट्याचा_पक्या
आमच्या कंपनीत (अंबड एमआयडीसी, नाव विचारू नका) यंदाच्या सीएसआरसाठी (कायद्याने नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) मालवणला कोरल (प्रवाळ) लावायचं प्रेझेंटेशन झालं. म्हणजे तुटलेले कोरलचे तुकडे समुद्राखाली लोखंडी फ्रेमला केबल टायने बांधायचे, वर कंपनीची पाटी ठोकायची आणि मॅनेजर मंडळींनी तारकर्लीला जाऊन गॉगल लावून फोटो काढायचे. मला तर शुद्ध शोबाजी वाटली. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की २ टक्के खर्च करताना आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, इथे नासर्डी नदीची काय अवस्था आहे ती आपण सगळे नाक दाबून बघतोच. आणि समुद्र तापला की कोरल पांढरं पडतं, मग ते फ्रेमवरचं असो नाहीतर खडकावरचं. फ्लोरिडात २०२३ च्या उन्हाळ्यात नर्सरीतलं कोरल उचलून जमिनीवरच्या टाक्यांत न्यावं लागलं, २०२४ ला आपल्या लक्षद्वीपलाही फटका बसला. त्यांची ही गत तर आपली पाटी किती दिवस टिकणार?

मालवणी_सिडकोवाला
पक्याभाऊ, नासर्डीचं शंभर टक्के मान्य, पण तिच्या नावाने आमच्या समुद्राला कशाला धुताय. मी मालवणचा, पोटासाठी सिडकोत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर कोरल आहे, तिथे मासा अंडी घालतो, पिल्लं तिथेच लपतात. जगात समुद्राच्या तळाचा एक टक्कासुद्धा भाग कोरलचा नाही आणि सागरी जातींपैकी पाव जाती त्याच्या आसऱ्याने जगतात असं शास्त्रज्ञ सांगतात. ते गेलं तर रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) काय येणार, वाळू? आमच्या गावची पोरं आज स्कूबावर घर चालवतात, ती पण कोरल आहे म्हणूनच. आणि यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेच्या) प्रकल्पात सिंधुदुर्गात कोरल लावायचं काम आधीच झालेलं आहे, तेव्हा कुणी उगाच स्वप्नं विकत नाहीये.

पाथर्डीफाट्याचा_पक्या
दादा त्याच स्कूबावाल्यांबद्दल बोला की. मी स्वतः बघितलंय, गाईड पाण्याखाली बिस्किटाचा चुरा सोडतो, मासे गोळा होतात, पर्यटक फोटोच्या नादात कोरलवर पाय देऊन उभा. होडीवाला नांगर टाकतो तो पण तिथेच. आधी हे थांबवा, मग लावा.

गोदाकाठची_कावेरी
बॉटनी झूऑलॉजी शिकवते म्हणून मधे पडते. पक्या, तुझा उष्णतेचा मुद्दा बरोबर आहे. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याचं बहुतेक अन्न तेच बनवतं, पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा साधारण १ अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं, आणि पाणी लवकर थंड झालं नाही तर उपाशी मरतं. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या जागतिक शास्त्रज्ञ गटाच्या) २०१८ च्या अहवालात १.५ अंश वाढीला ७० ते ९० टक्के कोरल जाईल असं म्हटलंय, २ अंशाला जवळजवळ सगळंच.

पण म्हणून लावणी फुकट असं नाही होत. इंडोनेशियात स्पर्मोंडे बेटांजवळ सुरुंग लावून मासेमारी करायचे, तळाचा नुसता चुरा झालेला. तिथे बेटावरच्या लोकांनीच वाळू चिकटवलेल्या सहापायी लोखंडी फ्रेमवर तुकडे बांधले आणि चार वर्षांत वाढीचा वेग जवळच्या धडधाकट रीफइतका (कोरलच्या खडकाइतका) झाला. तरी बहुतेक फांदीवालं कोरलच वाढलं, जातींची विविधता काही तेवढी परतली नाही. शिवाय एकाच वसाहतीचे तुकडे लावत सुटलात तर सगळे एकाच वाणाचे, एक रोग आला की साफ. आणि खरं काम लावल्यानंतर असतं. फ्रेमवर शेवाळ चढतं ते दात घासायच्या ब्रशने खाली जाऊन घासावं लागतं, कोरल खाणाऱ्या गोगलगायी एकेक वेचाव्या लागतात. जगभरच्या अशा कामांचा आढावा २०२० ला छापून आला, त्यात ६० टक्के ठिकाणी दीड वर्षसुद्धा देखरेख झालेली नव्हती. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये ब्रश मारणाऱ्याचा पगार होता का?

तपोवन_बचाव
ताई सगळं छान, पण यातून पायंडा काय पडतो ते बघा. मुंबईत कोस्टल रोडच्या वाटेत कोरल आलं, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधलं, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच. तरी २०२० ला वरळी आणि हाजी अलीचं कोरल उचलून दुसरीकडे बसवलं आणि रस्ता झाला. इथे तपोवनातल्या झाडांच्या वेळी आपल्याला हेच ऐकवलं ना, तोडू पण दुसरीकडे लावू. एकदा "हलवता येतं" म्हटलं की वाचवायची गरजच संपते. प्रत्येक बंदरवाला उद्या हेच म्हणणार.

मालवणी_सिडकोवाला
@तपोवन_बचाव हे मात्र खरं आहे, पण उखडून हलवणं वेगळं आणि मोडलेल्या जागी परत उभं करणं वेगळं, दोन्हीची भेळ करू नका. माझी भीती दुसरी आहे. १९८७ ला मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, मच्छीमारांचा त्याला विरोध, कारण उद्या होडी घालायला परवानगी लागेल हा धसका. आता कोरल लावलं की त्या पट्ट्यात जाळं बंद म्हणणार, आणि बंद कुणाला, तर रापणवाल्याला आणि छोट्या होडीला. बाहेर पर्ससीन (मोठं गोल जाळं टाकणाऱ्या यांत्रिक बोटी) आणि एलईडीवाले (दिवे लावून मासे गोळा करणारे) रात्रभर उपसतात त्यांना कोण अडवतं? २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध आले, कागदावर. म्हणून मी म्हणतो पैसे द्या, पण पाटीला नाही. होड्या बांधायला कायमचे बोये (नांगरलेले तरंगते पिंप) टाका म्हणजे नांगर टाकायची गरज उरणार नाही, आणि ब्रश मारायचं काम गावातल्याच डायव्हर पोरांना महिन्याच्या पगारावर द्या.

पाथर्डीफाट्याचा_पक्या
बोये आणि पगार चालेल एकवेळ. पण मग ते तिथल्या पर्यटनवाल्यांनी करावं, कमाई त्यांची. आमच्या कंपनीचं सांडपाणी नासर्डीकडे जातं, मालवणला नाही.

मालवणी_सिडकोवाला
आणि तुमच्या कंपनीच्या चिमणीचा धूर? तो काय पाथर्डी फाट्यावर थांबतो? समुद्र तापवायला सगळे, भरपाईला फक्त मालवण, वा रे वा.

गोदाकाठची_कावेरी
भांडू नका रे. पक्या, एचआरला दोन गोष्टी लेखी विचार, पाच वर्षांच्या देखरेखीचे पैसे धरलेत का आणि जागा ठरवताना मच्छीमार सोसायटीला बोलावलं होतं का. दोन्हीला नाही असेल तर मी पण तुझ्या बाजूने.

पाथर्डीफाट्याचा_पक्या
पहिल्याचं उत्तर आत्ताच सांगतो, बजेट एका वर्षाचं आहे, मार्चला संपतं. दुसरं विचारतो सोमवारी. ट्रिप रद्द झाली तर अख्खं डिपार्टमेंट मला खाणार आहे ते वेगळं.