अनुभव धागा : अख्खा लाल भोपळा घरी कसा चिरता?

लोकमान्यनगर, इंदूर (धागा सुरू करणारी)

ऋषीपंचमीची भाजी, पितृपक्षातला स्वयंपाक, मग नवरात्राचे उपास. या दिवसांत आपल्याकडच्या मराठी घरांत लाल भोपळा जेवढा शिजतो तेवढा एरवी वर्षभरात शिजत नसेल. तरी बहुतेकजणी ठेल्यावरून पाव-अर्धा किलोची फाक आणतात. कारण विचारलं की एकच उत्तर येतं, अख्खा फोडायची भीती वाटते. ती भीती जावी असं मला मनापासून वाटतं. पिकलेला भोपळा देठासकट कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने राहतो, चोइथराम मंडीत तो किलोमागे स्वस्त मिळतो, आणि ताज्या चिरलेल्या भोपळ्याची चव सकाळपासून उघड्यावर पडलेल्या फाकेला येत नाही. तेव्हा सगळ्यांना आमंत्रण. कशाने चिरता, घरात कोण चिरतं, साल ठेवता की काढता, जे असेल ते लिहा.

आधी माझी पद्धत. भोपळा धुऊन पुसून अगदी कोरडा करते. पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाट सरकत नाही. सुरी लांब आणि धारदार हवी. देठावर सुरी चालवायचीच नाही. वाळलेला देठ पातं अडकवून ठेवतो, मग आपण जोर वाढवतो आणि हात तिथेच सुटतो. देठाशेजारच्या खाचेत सुरीचं टोक उभं घालायचं. आतली पोकळी लागली की हाताला कळतं. मग मूठ सावकाश खाली आणायची, पातं बुडापर्यंत आपोआप येतं. भोपळा फिरवून समोरच्या खाचेतून तसंच. शेवटी सुरी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी उघडायचा, देठ एका अर्ध्याला राहतो. पुढे सपाट बाजू खाली ठेवून चंद्रकोरीसारख्या फोडी करायच्या आणि साल त्या फोडींची काढायची, अख्ख्या भोपळ्याची नाही.

रामबाग (आजी सांगताहेत, नात लिहिते आहे)

आमच्या घरात अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही, अशी रीत होती. कोहळ्याचं तर विचारूच नका. देवीपुढे बळीच्या जागी कोहळा फोडतात, म्हणून त्याला जीव मानायचा, आणि बाईने जिवावर शस्त्र धरू नये. तेच लाल भोपळ्याला लागू झालं. सासरे होते तोवर ते सोवळ्यात येऊन एक घाव घालायचे आणि जायचे. पुढचं सगळं, म्हणजे बिया काढणं, विळीवर फोडी, साल, हे आम्हा जावाजावांचं. सासऱ्यांनंतर यांनी ते काम घेतलं.

हे गेले आणि भोपळा तसाच पडून राहू लागला. मुलगा पुण्याला. शेजारच्या मुलाला हाक मारायची, तो कॉलेजातून येईपर्यंत थांबायचं, तोवर स्वयंपाकाची वेळ टळायची. मग मी अख्खा भोपळा आणणंच सोडलं. पितृपक्षात यांच्या आवडीचे घारगे करायचे तेही फाकेवर. एका वर्षी सून रजेवर आली होती. तिने भोपळ्याला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, माझ्याकडे पाहिलं आणि सुरी घातली. मी काही बोलले नाही. बोलावंसं वाटलंही नाही. त्याच तिथीला यांच्या पानात घारगे वाढले.

आता मीच कापते. विळीवर अख्खा भोपळा कधी धरू नका, तो गोल, अंगावर येतो. चार फाका झाल्या की विळीसारखं दुसरं काही नाही. पाय पात्याच्या पाटावर घट्ट आणि दोन्ही हात मोकळे.

नारायणबाग

आजींना नमस्कार. आमच्याकडे ही रीत अजून पाळतात आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. मात्र एक केलं आहे. पहिला घाव घालणाऱ्याने तिथेच न थांबता पूर्ण भोपळा चिरून द्यायचा. त्यामुळे नवरा आणि मुलगा दोघेही तयार झाले. मुलगा आता बंगळुरूला एकटा राहतो आणि भोपळ्याची भाजी स्वतः करतो.

सुदामानगर (निवृत्त परिचारिका)

मला हातांबद्दल लिहायचं आहे. भाज्या चिरताना होणाऱ्या जखमा मी खूप पाहिल्या, आणि टणक फळाच्या जखमा बहुधा डाव्या तळहाताला किंवा तर्जनी-अंगठ्याच्या मधल्या भागाला होतात. म्हणजे ज्या हाताने धरलं आहे त्या हाताला. म्हणून धरणारा हात कधीही पात्याच्या वाटेत नको. भोपळा तळहातावर घेऊन कापणं तर कायमचं बंद करा. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा घातक असते, कारण ती जोर मागते. सुरी मधेच अडकली तर ओढू नका आणि वरून हातही मारू नका. भोपळ्यासकट उचलून आपटायची सवय काहींना असते, तीही सोडा. पात्याच्या पाठीवर लाकडी लाटण्याने हलके ठोके द्या, ते खाली जातं.

कापलंच तर स्वच्छ कापड दाबून हात छातीच्या वर धरा आणि किमान दहा मिनिटं दाब सोडू नका. मधूनमधून उघडून पाहिलं की रक्त पुन्हा सुरू होतं. बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर लगेच दवाखाना, शिरा-स्नायू तुटलेले असू शकतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा. हळद भरून घरी बसू नका, टाके घालताना ती सगळी धुऊन काढावी लागते.

विजयनगर (नोकरीसाठी एकटा राहणारा)

माझ्याकडे विळी नाही, मोठी सुरी नाही, आहे तो एक चाकू आणि मायक्रोवेव्ह. किलो-दीड किलोचा छोटा भोपळा आणतो, काट्याने किंवा चाकूच्या टोकाने सात-आठ ठिकाणी खोलवर टोचतो आणि दोन-तीन मिनिटं फिरवतो. साल नरम पडते, चाकू सहज जातो. टोचायला विसरू नका, आत वाफ कोंडली तर फळ फुटू शकतं. बाहेर काढताना फडकं घ्या. मोठा असेल तर हे जमत नाही, मग मी वरच्या ताईंसारखंच खाचेतून कापतो.

छावणी (आचारी, भंडाऱ्याचा स्वयंपाक करणारे)

आमच्याकडे भंडाऱ्यात पुरीबरोबर कद्दूची भाजी असतेच. ढिगाने चिरावा लागतो, त्यामुळे साल कोणी काढत नाही. पिकलेल्या भोपळ्याची साल शिजली की मऊ होते आणि फोड कढईत विरघळत नाही. धुणं मात्र नीट, खाचांतली माती घासून. फोडी मोठ्या ठेवायच्या, एकसारख्या ठेवायच्या. तेलात मेथीदाणे लाल करायचे, काळे नाही. हिंग, सुकी मिरची, मग भोपळा, मीठ, झाकण. पाणी घालू नका, तो स्वतःचं सोडतो. शेवटी गूळ आणि आमचूर.

आणि बिया काढताना बोटांनी ओरबाडू नका. स्टीलचा धारदार कडेचा डाव फिरवा, तंतूंसकट एका झटक्यात निघतं.

तिलकनगर (शेतीशास्त्रातले निवृत्त अध्यापक)

चिरणं अर्धं सोपं होतं ते निवडतानाच. नख दाबून पाहा. सालीवर ओरखडा उठला तर फळ कोवळं, ते टिकणार नाही. देठ वाळून तपकिरी झालेला, साल चमक गेलेली, हातात आकाराच्या मानाने जड, असं घ्या. देठाला धरून उचलू नका, देठ तुटला की तिथूनच सड सुरू होते. लहान कुटुंबाने लहान जातीचं फळ शोधावं. अर्का सूर्यमुखीचं फळ साधारण किलोभर भरतं, अर्का चंदनचं दोन-तीन किलो, पुसा विश्वासचं पाच किलोपर्यंत. ठेलेवाला जात सांगणार नाही, पण आकार तर दिसतो.

साल आणि तंतू यांचं काय, हे कोणी विचारलं नाही तरी सांगतो. इंदुरात आपण ओला कचरा वेगळा देतोच, आणि देवगुराडियाला २०२२ साली सुरू झालेल्या प्रकल्पात त्याचा गॅस होतो. पण कुंडीपुरती जागा असेल तर घरीच कुजवा. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथल्या संस्थेत काम करून कंपोस्टची जी रीत बसवली, तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर, ओल बेताची, मधूनमधून वरखाली. भोपळ्याच्या साली त्यात लवकर कुजतात. बिया मात्र आधी काढा, नाहीतर खतात वेल उगवतात.

राजेंद्रनगर

बिया टाकायच्याच कशाला? धुऊन, सावलीत वाळवून मंद आचेवर भाजल्या की सोलून मुलं खातात. आणि कोवळी साल मिळाली तर तिची चटणी. साल किसून तेलावर कुरकुरीत परतायची, त्यात तीळ, सुकं खोबरं, मीठ, तिखट. उपासाच्या दिवशी तिखटाऐवजी हिरवी मिरची, तीळ नको असतील तर दाण्याचं कूट. माझ्या सासूबाई भोपळ्याची भाजी न खाणाऱ्यालाही ही चटणी वाढायच्या.

घारग्यांसाठी भोपळा चिरण्यापेक्षा किसणं बरं. मोठी फाक सालीच्या बाजूने हातात धरून किसायची, साल म्हणजेच मूठ. कीस गुळाबरोबर शिजवून गार केला की मावेल तेवढी कणीक घालायची, वरून पाणी नाही.

वैशालीनगर

हल्ली दुकानांत लांब मानेचा, फिकट बदामी बटरनट भोपळा मिळतो. त्याची साल पातळ, सालकाढणीने निघते. मान आणि पोट आधी वेगळं करायचं, मग दोन्ही उभे ठेवून चिरायचे. सोलताना जो चीक निघतो त्याने काहींच्या हाताची त्वचा ताठरते, पापुद्रे सुटतात. माझ्या जावेला होतं. ती तेल लावून किंवा हातमोजे घालून सोलते.

लोकमान्यनगर (धागा सुरू करणारी)

किती छान लिहिता आहात सगळे. खाजगीत एकीने विचारलं आहे, इथे उत्तर मिळावं: चिरलेला भोपळा किती टिकतो, आणि एखादा कडू निघाला तर तळून किंवा गूळ घालून चालेल का?

तिलकनगर

चिरलेल्याच्या बिया आणि तंतू पूर्ण काढून, झाकून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. बिया आत राहिल्या तर तिथून आधी बुळबुळीत होतो. कडू असेल तर अजिबात नको. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, शिजवून किंवा गोड घालून ते जात नाही, आणि त्याने जोराच्या उलट्या-जुलाब होतात. म्हणून चिरल्यावर कच्चा इवलासा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला की थुंका आणि अख्खं फळ टाका.